किती उपटले, की काय उगवले?

तण काढण्याच्या श्रमदानाचे वृत्तांत आपण सगळेच वाचतो. गाव कोणतेही असो, त्यात एक आकडा हमखास असतो. इतके ट्रक जलपर्णी काढली, इतक्या एकरांवरची घाणेरी साफ केली, इतके विद्यार्थी सहभागी झाले. सोबत एक छायाचित्र असते : ढिगाऱ्यापुढे उभी असलेली मुले आणि त्यांच्या हातातले विळे-कोयते. एक गोष्ट मात्र या वृत्तांतांत सहसा सापडत नाही. जिथून तण काढले, तिथे पुढच्या पावसाळ्यानंतर काय उगवले? ट्रकांची संख्या म्हणजे केलेल्या श्रमाची मोजदाद झाली. त्या श्रमातून काय साधले, हे त्यातून कळत नाही.

नेमका हाच प्रश्न मध्यभागी ठेवून लिहिलेले एक पुस्तक आहे. जोन ब्रॅडली यांचे ‘ब्रिंगिंग बॅक द बुश’ हे पुस्तक १९८८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाले. ‘बुश’ म्हणजे तिथले मूळचे रान. जोन आणि त्यांच्या भगिनी आयलीन सिडनीच्या मोसमन या उपनगरात राहत. बंदराच्या काठच्या ॲश्टन पार्क या रानात त्या रोज फिरायला जात आणि फिरता फिरता तण उपटत. तण तोडून मोकळ्या केलेल्या जागी पुन्हा तणच येते, हे त्यांच्या ध्यानात आले. या साध्या निरीक्षणातून एक पद्धत तयार झाली. १९६७ साली त्यांनी तिच्यावर छोटी पुस्तिका काढली आणि पुढे ऑस्ट्रेलियात स्वयंसेवकांच्या तण-नियंत्रणाचा तो पायाच ठरला. त्यांच्या तणांच्या यादीत आपली घाणेरी, म्हणजे टणटणी, होती. शास्त्रीय नाव लँटाना कॅमारा. त्यामुळे हे पुस्तक आपल्याला वाटते तितके परके नाही.

ब्रॅडली पद्धतीचे सूत्र तीन वाक्यांत सांगता येते. चांगल्या रानाकडून बिघडलेल्या रानाकडे काम करत जावे. माती कमीत कमी हलवावी. आणि मूळची झाडे जितक्या वेगाने परत येतील, तितक्याच वेगाने तण काढावे. ही तिन्ही वाक्ये आपल्या श्रमदानाच्या रीतीशी उलटी जातात. आपण सर्वांत बिघडलेल्या, रस्त्याला लागून असलेल्या जागेपासून सुरुवात करतो, जमीन पार उघडी करतो, आणि तेही एका दिवसात.

ही सूत्रे आपल्याकडे कितपत लागू पडतात, हे पाहण्यासाठी दहिसर नदीचे उदाहरण सोयीचे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावापाशी ती निघते, जेमतेम बारा किलोमीटर वाहते आणि मनोरीच्या खाडीतून समुद्राला मिळते. एवढ्याशा अंतरात तिला बिबट्यांचे रान, बोरिवली-दहिसरच्या काँक्रीटच्या भिंती आणि शेवटी तिवरांची दलदल असे तीन वेगळे प्रदेश भेटतात. दुर्गम नदीकाठ म्हणावे असे मुंबईत काही उरले असेल, तर ते या नदीचे उद्यानातले वरचे खोरे.

पहिले सूत्र आधी घेऊ. चांगल्या रानापासून सुरुवात करा, हे ऐकायला विचित्र वाटते. आजारी माणूस सोडून धडधाकट माणसाला औषध देण्यातला हा प्रकार नव्हे काय? पण यामागे गणित आहे आणि ते नववीच्या वर्गात फळ्यावर करता येते. घाणेरीची एक मोठी गोल जाळी आहे, त्रिज्या १० मीटर. तिचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मीटर. दुसरीकडे २ मीटर त्रिज्येच्या २५ लहान जाळ्या विखुरलेल्या आहेत. त्यांचे एकूण क्षेत्रफळही ३१४ चौरस मीटरच. आता प्रत्येक जाळी वर्षाला सर्व बाजूंनी १ मीटर पसरते असे धरू. वर्षअखेरीस मोठी जाळी ३८० चौरस मीटर होते, तर लहान जाळ्या मिळून ७०७ चौरस मीटर होतात. वाढ अनुक्रमे ६६ आणि ३९३, म्हणजे जवळजवळ सहापट! डोळ्यांत भरते ती मोठी जाळी, पण रान गिळतात त्या बारक्या. मूडी आणि मॅक या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी असेच गणित अधिक काटेकोरपणे मांडून तोच निष्कर्ष काढला, आणि त्यांचा लेखही १९८८ सालचाच. एकीकडे रोज फिरायला जाणाऱ्या दोन बहिणी, दुसरीकडे गणिती प्रतिकृती. दोघांचे उत्तर एकच.

दुर्गम भागात स्वयंसेवकांचे मोल का वाढते, तेही यातून कळते. अमेरिकेत आयडाहो राज्यात सामन नदीचे प्रचंड निर्जन खोरे आहे. ‘परतीची वाट नसलेली नदी’ या अर्थाचे नाव त्याला मिळाले आहे. तिथे १९६४ च्या कायद्यानुसार मोटारी वा यंत्रे सहसा नेता येत नाहीत. स्वयंसेवक पायी, खेचरांवर किंवा तराफ्यांनी आत जातात आणि पायवाटांच्या नि मुक्कामाच्या जागांच्या कडेने नॅपवीड नावाचे युरोपीय तण शोधून उपटतात. तण तिथे पोचते कसे? माणसांच्या बुटांना चिकटून आणि खेचरांच्या वैरणीतून. म्हणून आत न्यायची वैरण तणबीजमुक्त असल्याचा दाखला लागतो. पाहुणे ज्या वाटेने येतात, त्याच वाटेने तणही येते. आपल्या उद्यानातही घाणेरी आणि रानमोडी प्रथम दिसतात त्या पायवाटांच्या आणि रस्त्यांच्या कडेला.

नदीच्या बाबतीत मात्र या सूत्राला एक जोड द्यावी लागेल. ज्या तणाचे बी वा तुकडे पाण्याबरोबर जातात, त्याचे काम उगमाकडून मुखाकडे करत यावे, हे उघड आहे. पण घाणेरीची काळी फळे बुलबुल खातात आणि बुलबुलांना प्रवाहाची दिशा कोणी शिकवलेली नाही! खालच्या वस्तीतल्या कुंपणाची घाणेरी ते वरच्या खोऱ्यात नेऊन पेरतात. म्हणून पक्षी ज्या झाडांवर बसतात, त्या झाडांखाली कोवळी रोपे शोधणे हे स्वतंत्र काम ठरते.

दुसरे सूत्र माती न हलवण्याचे. सिडनीत पाऊस वर्षभर विखरून पडतो. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पडतो. मे महिन्यात उत्साहाने उतार खणून घाणेरी मुळासकट काढली, तर जूनच्या पहिल्या जोरदार सरींत वरची माती ओढ्यात जाते आणि पुढे खाडीत. म्हणजे हे सूत्र सिडनीपेक्षा कोकणाला अधिक लागू आहे. पण नुसती वरून छाटावी, तर घाणेरी बुंध्यापासून पूर्वीहून दाट फुटते. खणणेही नको आणि छाटणेही नको, मग करायचे काय?

याचे उत्तर ब्रॅडलींच्या पुस्तकातून नव्हे, तर भारतातूनच मिळाले. दिल्ली विद्यापीठाचे सुरेश बाबू, अमित लव्ह आणि सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात केलेले काम २००९ साली प्रसिद्ध झाले. घाणेरीला नवे फुटवे येतात ते खोड आणि मूळ यांच्या सांध्यापासून. म्हणून जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचे आणि सगळे झुडूप उचलून उलटे, मुळे वर करून ठेवायचे. ते तिथेच वाळते, पुन्हा मूळ धरत नाही आणि माती फारशी हलत नाही. त्यानंतर पक्षी बसतात त्या झाडांखालची रोपे काढत राहायची आणि स्थानिक गवते येऊ द्यायची. कोणत्याही शाळेच्या बागेत दाखवता येईल इतकी ही साधी युक्ती आहे. मग ती श्रमदानांत सर्रास का दिसत नाही, याचे आश्चर्य वाटते. कदाचित तिच्यात ट्रक भरत नाहीत म्हणून!

तिसरे सूत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि आपल्याकडे ते पाळणे सर्वांत अवघड आहे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. आता भारतातील सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटर जंगलात ती पसरली असल्याचा अंदाज भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० साली मांडला. दोनशे वर्षे जे रानात मुरले आहे, ते एका रविवारी उचलले तर तिथे पोकळी होते. त्या पोकळीत ऊन थेट जमिनीवर येते आणि मातीत दडलेले घाणेरीचेच बी आधी उठते. घाणेरी नाही उठली, तर रानमोडी. शिवाय त्या जाळीत पक्ष्यांची घरटी असतात, लहान प्राण्यांचा आडोसा असतो. ब्रॅडली म्हणतात ते असे की, मूळच्या झाडांनी जागा घेतल्याचे दिसेपर्यंत पुढचे पाऊल टाकू नका.

राष्ट्रीय उद्यानात याची कसोटी पाहणारी एक वनस्पती आहे : कारवी. ती अनेक वर्षे नुसती वाढते, मग एकदम फुलते, बी धरते आणि मरते. उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. फुलून गेल्यावर तिची वाळकी बोंडे तडतडत फुटतात, बी उडते आणि पावसात नवी रोपे उगवतात. म्हणजे दर आठ वर्षांनी उताराचे उतार मोकळे होतात, आणि त्या मोकळ्या जागेवर कारवीची नवी पिढी बसणार की घाणेरी, हे पुढच्या एक-दोन पावसाळ्यांतच ठरते. स्वयंसेवकांच्या हातांचा खरा उपयोग अशा वेळी आहे. आणि खरा धोकाही! कारवीच्या कोवळ्या रोपाची पाने समोरासमोर आणि दातेरी कडांची असतात, घाणेरीचीही तशीच. पन्नास मुलांना खुरपी देऊन ‘झुडुपे उपटा’ एवढेच सांगितले, तर काय उपटले जाईल याचा भरवसा नाही.

येथवर पुस्तकाची बाजू घेतली. आता त्याच्या मर्यादा. पहिली अशी की, हे अनुभवाचे पुस्तक आहे, प्रयोगाचे नव्हे. शेजारी मुद्दाम न हात लावलेला तुकडा ठेवून तुलना केल्याशिवाय ‘रान आमच्या कामामुळे परतले’ असे म्हणता येत नाही. कदाचित त्या वर्षीच्या चांगल्या पावसाने परतले असेल. ऑस्ट्रेलियातल्या पुढच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनाच असे दिसले की, काही जागी मूळच्या झाडांचे बी जागे होण्यासाठी आग किंवा माती हलणे आवश्यक असते आणि अति हळुवारपणा तिथे आड येतो. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. जवळपास चांगले रान असेल तरच त्याच्याकडून पुढे सरकता येते. दहिसर नदीच्या शहरातल्या भागात, दोन्ही बाजूंना भिंती आणि मध्ये सांडपाणी असताना, परत यायला मूळचे बीच उरलेले नाही. तिथे ब्रॅडली पद्धतीचे नाव घेण्यात अर्थ नाही.

जलपर्णीपुढे तर हे पुस्तक निरुत्तर आहे. पवईचा तलाव किंवा कल्याणजवळची उल्हास नदी डोळ्यांपुढे आणा. पोषक पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते असे धरू. मोठ्या मोहिमेने ९० टक्के काढली, १० टक्के उरली. दहाची वीस, चाळीस, ऐंशी आणि मग शंभर. लॉगॅरिथम येणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके काढता येईल : सुमारे ४६.५ दिवस. ९९ टक्के काढली तरी सुमारे ९३ दिवस. वर्षातून एकदा होणाऱ्या मोहिमेचा हिशेब इथेच संपतो. शिवाय तिचे बी चिखलात कित्येक वर्षे जिवंत राहते. वाढ थांबवायची तर सांडपाण्यातून येणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस थांबवले पाहिजेत, आणि ते काम मुलांच्या हातातल्या दाताळ्यांचे नाही, नगरपालिकांचे आहे. जलपर्णी काढणाऱ्या मुलांचे कौतुक करणारे भाषण बहुधा त्याच नगरपालिकेच्या व्यासपीठावरून होते, हे सहज आठवले म्हणून लिहिले. पुराबरोबर खाडीत आलेली जलपर्णी खाऱ्या पाण्यात टिकत नाही, मरून किनाऱ्याला लागते. पण म्हणून वरचा प्रश्न सुटला असे होत नाही.

‘परकीय ते वाईट’ या समजुतीबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत, कारण शाळेतल्या मोहिमांत ती फार लवकर शिरते. चार्ल्स एल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९५८ साली ‘द इकॉलॉजी ऑफ इन्व्हेजन्स बाय ॲनिमल्स अँड प्लँट्स’ हे पुस्तक लिहिले आणि आक्रमण, स्फोट असे युद्धाचे शब्द या विषयाला चिकटले. मनोरीच्या ईस्ट इंडियन घरांत जो बाटली मसाला वर्षभर पुरवून वापरतात, त्यातली मिरची पोर्तुगीजांमार्फत अमेरिकेहून आलेली; घाणेरीचे मूळही अमेरिकेचेच. एकीला आपण डब्यात ठेवतो, दुसरीला उपटतो, आणि ते योग्यच आहे, कारण मिरची रानात शिरून कारवीची जागा घेत नाही. उलट, खारफुटीवर चढून तिला झाकून टाकणारी डेरिस ट्रायफोलिएटा ही वेल इथलीच आहे. तेव्हा वनस्पती कुठून आली यापेक्षा ती काय करते, हे पाहावे. २०११ साली मार्क डेव्हिस आणि त्यांच्या १८ सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये हेच मांडले आणि डॅनियल सिंबरलॉफ यांच्यासह १४१ शास्त्रज्ञांनी त्याला विरोध केला. परकीय वनस्पतीचा उपद्रव अनेक वर्षे दबलेला राहून मग उफाळतो, म्हणून निर्धास्त राहू नये, हा विरोधकांचा मुद्दाही वजनदार आहे. वर्गात वादविवादासाठी याहून चांगला विषय सापडणे कठीण.

पुस्तकातली आणखी एक गोष्ट खटकते. रोज थोडे, पण वर्षानुवर्षे, ही शिस्त ज्यांना वेळ आणि स्वास्थ्य आहे त्यांनाच परवडते. मुंबईच्या लोकलमधून दोन-दोन तास प्रवास करणाऱ्या माणसाला ती सांगणे हा विनोद ठरेल. याउलट, राष्ट्रीय उद्यानातच आदिवासी पाडे आहेत. कोणते रोप कशाचे, हे दोन पानांवरून ओळखणारी माणसे तिथे आहेत. त्यांच्याकडून हे काम रीतसर मजुरी देऊन करून घ्यावे आणि स्वयंसेवकांनी त्यांच्या हाताखाली शिकावे, असे मला वाटते. फुकट श्रमाचे कौतुक करताना जाणकार श्रमाची किंमत बुडवू नये.

मग शाळांनी काय करावे? ट्रक भरण्यात शाळा कधीच पहिल्या येणार नाहीत, पण मोजण्यात येऊ शकतात. उद्यानात किंवा खारफुटीत काम करायचे तर वनखात्याची परवानगी लागतेच. ती नसेल तर शाळेजवळचा ओढा, टेकडी वा पडीक कुंपणही चालेल. दोन-दोन मीटरचे चार चौकोन आखावेत. दोहोंतली घाणेरी वर सांगितलेल्या पद्धतीने काढावी, दोन तसेच सोडावेत. कोणते काढायचे हे नाणे उडवून ठरवावे, म्हणजे आपल्याला सोयीचे चौकोन निवडले जाणार नाहीत. मग दरवर्षी जुलै आणि ऑक्टोबरमध्ये प्रत्येक चौकोनातली रोपे मोजावीत आणि एकाच जागी उभे राहून छायाचित्र घ्यावे. आठवीच्या मुलांनी सुरू केलेली वही पुढच्या आठवीकडे द्यावी. अशी पाच वर्षांची वही दहा शाळांकडे असेल, तर कोणत्याही संशोधकाला ती उपयोगी पडेल.

यात खरी अडचण एकच आहे. दोन पानांच्या अवस्थेतले रोप ओळखायचे कसे? थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ असो वा अल्मेडा यांचे ‘फ्लोरा ऑफ महाराष्ट्र’चे खंड असोत, त्यांतली ओळख मुख्यतः फुला-फळांवरून पटते. रोपांची ओळख करून देणारे सचित्र मराठी पुस्तक शिक्षकांच्या हाती नाही. ते होईपर्यंत प्रत्येक शाळेला स्वतःचे तयार करता येईल : घाणेरी, रानमोडी, कारवी, कुडा, करवंद यांचे बी ओळखीच्या झाडांवरून गोळा करून कुंड्यांत पेरावे, उगवल्यावर दर आठवड्याला एक रोप काढून वर्तमानपत्रात दाबून वाळवावे आणि तारीख टाकून कागदावर चिकटवावे. घाणेरीच्या पानाचा वास चिकटवता येत नाही. तो मुलांनी पान चुरगळूनच घ्यावा. आणि कुंडीतल्या घाणेरीला फूल येण्याआधी ती उपटून टाकायला विसरू नये.